उभी बाटली, आडवी बाटली : गावाला नक्की कोण विचारतं?

मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. उभीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान राहावं, आडवीवर मारला तर ते बंद व्हावं. उमेदवार नाही, पक्ष नाही, जाहीरनामा नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही पाहताक्षणी कळेल असा प्रश्न. निकाल लागल्यावर वर्तमानपत्रात मथळा येतो, 'अमुक गावात बाटली आडवी'. आपण तो वाचतो, जरा हसतो आणि पुढे जातो.

पण थोडं थांबून बघा. आपल्या देशात एखाद्या धोरणावर लोकांनी थेट मत देण्याचे प्रसंग किती आले? १९४८ मध्ये जुनागढ, १९६७ मध्ये गोवा, १९७५ मध्ये सिक्कीम. गोव्याच्या जनमत कौलातही दोन चित्रं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. १ लाख ७२ हजारांहून जास्त मतं दोन पानांना पडली, १ लाख ३८ हजारांच्या आसपास फुलाला, आणि एका प्रदेशाचं भवितव्य ठरलं. त्यानंतर मराठी माणसाला असा थेट प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ना धरणाबद्दल, ना महामार्गाबद्दल, ना शाळा बंद करण्याबद्दल.

अपवाद एकच, दारूच्या दुकानाचा. अमेरिकेत लोक गांजा कायदेशीर करावा का, यावर मतदान करतात तेव्हा आपण रात्री जागून ते आकडे बघतो. तशाच जातीचं मतदान आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत होतं, आणि त्यात मत देणाऱ्या बहुतेक वेळा फक्त बायका असतात. हे कुठून आलं, त्यात नेमकं काय विचारलं जातं आणि काय विचारायचं शिताफीनं टाळलं जातं, याची ही गोष्ट.

कल्पना आली कुठून?

दुकान ठेवायचं की नाही हे त्या त्या वस्तीनं मत देऊन ठरवावं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड अशा देशांतल्या दारूविरोधी चळवळींनी ती लावून धरली. तर्क सोपा होता. दारू पिणं हा माणसाचा खासगी मामला असेल, पण गुत्ता कुठे उघडायचा हा खासगी मामला नाही. परवाना सरकार देतं, आणि तो ज्या गल्लीत दिला जातो तिथल्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागते. मग त्या माणसांना विचारायला नको?

यात बायकांचा प्रश्न लगेच आला. पगार घरी येण्याआधी गुत्त्यात संपत असेल तर त्याचा हिशेब घरात कोण देतं? बायको. मग मताचा अधिकार तिला का नाही? न्यूझीलंडमध्ये बायकांच्या मताधिकाराची मोहीम केट शेपर्ड यांनी चालवली, ती महिलांच्या दारूविरोधी संघटनेतूनच. १८९३ मध्ये तिथे बायकांना मताधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, परवान्यांवर स्थानिक मतदान झालं. क्लुथा नावाचा मतदारसंघ त्यात पहिल्यांदा 'कोरडा' झाला. म्हणजे बायकांच्या मताचा इतिहास आणि बाटलीवरच्या मतदानाचा इतिहास सुरुवातीपासूनच एकमेकांना चिकटलेले आहेत.

मराठीत ही बातमी आणणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, पंडिता रमाबाई. त्या अमेरिकेत गेल्या, तिथल्या महिला दारूबंदी संघटनेच्या प्रमुख फ्रान्सेस विलर्ड यांना भेटल्या आणि १८८९ मध्ये अमेरिकेची लोकस्थिती सांगणारं मराठी पुस्तक छापलं. बायका संघटना काढतात, सभा घेतात, सरकारकडे कायदे मागतात, हे मराठी वाचकानं त्यात वाचलं. आपल्याकडे बाईनं सभेत बोलणं हाच तेव्हा गहजब होता.

सरकार म्हणालं, 'लोकांचं मत जाणून घेऊ'

त्याच काळात इथे काय चाललं होतं? १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. गावोगावी मोहाची दारू गाळणारे, ताडी काढणारे लोक होते. त्यांचं ते जुनं काम परवान्याच्या, मक्त्याच्या आणि कराच्या जाळ्यात आलं. दारू मोठ्या भट्ट्यांत गाळायची, ठेकेदारानं विकायची आणि सरकारनं त्यावर महसूल घ्यायचा. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. जंगलात झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरात ठेवणंही संशयाचं ठरलं.

लोकांचं पिणं कमी व्हावं हा त्यामागचा हेतू नव्हता. पिणं मोजता यावं आणि त्यावर कर घेता यावा, हा होता. महात्मा फुले यांनी हे फार लवकर ओळखलं. ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढत चालल्याबद्दल त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेला पत्र लिहून आक्षेप घेतला. परवाना देणारं सरकार, त्रास सोसणारी वस्ती आणि मधे लोकांचा प्रतिनिधी, असा आजही ओळखीचा वाटणारा तिढा तिथे दिसतो.

पुढे विलायतेतल्या पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांच्यासारख्या खासदारांनी हिंदुस्थानातल्या अबकारी धोरणावर टीका केली. काँग्रेसनंही तो विषय उचलला. तेव्हा १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारनं आपल्या धोरणाची तत्त्वं मांडली. दुकानांची संख्या मर्यादित ठेवू, कर जास्तीत जास्त ठेवू, आणि स्थानिक लोकमत काय आहे ते जाणून घेऊन त्याचा वाजवी मान राखू, असं त्यात होतं.

'जाणून घेऊ' आणि 'वाजवी मान' हे शब्द लक्षात ठेवा. मोजू असं सरकार म्हणालं नाही, बंधनकारक मानू असंही म्हणालं नाही. लोकमत काय आहे हे कलेक्टर ठरवणार आणि किती मान वाजवी हेही कलेक्टरच ठरवणार. विचारल्यासारखं करायचं आणि निर्णय स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही रीत तिथून सुरू झाली.

लोकांनी मग स्वतःची मोजणी स्वतः केली. १९०८ मध्ये पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवू लागले. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. सरकारनं स्वयंसेवकांवर खटले भरले. स्थानिक लोकमत दारात येऊन उभं राहिलं, तर त्याला सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा ठरवण्यात आलं.

त्याहून मोठी गोष्ट १९२२च्या सुमाराला घडली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवीच्या पूजेची एक लाट उठली. ती आदिवासी भागात शिरली आणि दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात आलेली देवी सांगू लागली, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा आणि गुत्तेवाल्या सावकार-जमीनदारांची चाकरी करू नका. हजारो आदिवासींनी दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर लिहिलं आहे. तिचा गाभा असा की ही नुसती धार्मिक लाट नव्हती. ज्यांच्या हातातून दारू गाळण्याचा हक्क काढून घेतला आणि मग तीच दारू त्यांना उधारीवर विकून कर्जात बुडवलं, त्या लोकांनी ठेकेदाराशी केलेला तो असहकार होता. मतपेटी नव्हती, म्हणून देवी आली.

परमिट रूमच्या पाटीमागचा इतिहास

तुम्ही कुठल्याही शहरात बारवर पाटी वाचली असेल, 'परमिट रूम अँड बार'. परमिट कसलं, असा प्रश्न कधी पडला का?

१९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारनं मुंबई शहरात दारूबंदी आणली, पण महायुद्ध सुरू झाल्यावर ते मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडलं. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७व्या कलमात दारूबंदीसाठी सरकारनं प्रयत्न करावा असं आलं. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई हे त्या धोरणाचा चेहरा होते. एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकानं कायद्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा कायदा उचलून धरला.

ही बंदी वरून आलेली होती. कुठल्या वस्तीला विचारलं नव्हतं, कुठल्या बाईला तर नाहीच. परिणाम काय झाला? पैसेवाल्यांनी डॉक्टरचा दाखला जोडून तब्येतीसाठी परवाने काढले. बाकीच्यांसाठी हातभट्टी होती आणि मुंबईत 'आंटी'चे अड्डे होते. पोलिसांचे हप्ते ठरले. साठच्या दशकापासून सरकारनं नियम सैल करत नेले. पण कायदा रद्द केला नाही. तोच कायदा नाव बदलून आजही उभा आहे. म्हणून कागदोपत्री महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा, आणि म्हणून त्या पाटीवर 'परमिट' हा शब्द आहे. बंदीचा कायदा तसाच ठेवून विक्रीचा धंदा चालवणारी ही व्यवस्था आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिच्यातली विसंगती आता कुणाला खुपतही नाही.

खालून आलेली मागणी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीत चित्र उलटं झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे काम करू लागले होते. दारूमुक्तीची मागणी गावांमधून, विशेषतः बायकांकडून आली. शेकडो गावांनी ठराव केले. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याच सुमाराला आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातून बायकांचं आंदोलन पेटलं आणि १९९३ मध्ये तिथे अरक म्हणजे देशी दारू बंद झाली. १९९५ मध्ये संपूर्ण बंदी आली, १९९७ मध्ये तिजोरीकडे बघून ती उठली.

१९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित आदिवासी भागांत मादक पदार्थांची विक्री बंद करण्याचा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेला. बाकीच्या महाराष्ट्रासाठी परवाना बंद करण्याची मतदानाची पद्धत आकाराला आली. मार्च २००८ मध्ये निघालेल्या आदेशात तिचे नियम आहेत. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान होतं. ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर परवाना बंद.

फक्त बायकांनी मत द्यायचं, हे अन्यायाचं नाही का, असं कुणी विचारेल. दुकानासमोरून संध्याकाळी शिकवणीहून परत येणारी मुलगी कोण, मजुरीचे पैसे लपवून ठेवणारी कोण, आणि रात्री दार उघडावं की नाही या भीतीत बसणारी कोण, याचं उत्तर दिलं की त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ग्रामसभेत हात वर करायचा तर नवरा, सासरा आणि दुकानाचा मालक, तिघेही बघत असतात. गुप्त मतदान हेच तिथे संरक्षण आहे. मतपेटीमागे गेल्यावर तिचं मत तिचं असतं.

५० टक्के, पण कशाचे?

आता या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं गणित. ५० टक्के म्हणजे झालेल्या मतदानाचे नव्हेत. यादीतल्या एकूण महिला मतदारांचे.

समजा, एका गावात २,००० महिला मतदार आहेत. मतदानाला १,१०० जणी आल्या. त्यातल्या ९५० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १५० जणींनी उभ्या. म्हणजे आलेल्यांपैकी ८६ टक्के बायकांना दुकान नको. तरीही दुकान राहतं. कारण १,००१ मतं लागतात आणि पडली ९५०.

घरी बसलेल्या ९०० जणींचं मत कुठे मोजलं गेलं? उभ्या बाटलीत. आणि या ९०० कोण असतात ते पाहा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, ज्यांचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहिलं. वारलेल्या म्हाताऱ्या, ज्यांचं नाव कुणी कमी केलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायका, ज्या दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या. आणि ज्यांना त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही त्या. दुकानाच्या बाजूच्या माणसाला मतं मागायचीच गरज नाही. बायका बाहेर पडणार नाहीत इतकं पाहिलं की पुरे.

आपला आमदार या नियमानं निवडायचा म्हटलं तर विधानसभेच्या किती जागा भरतील? यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळवून निवडून येणारे आमदार हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. ज्या कसोटीला कायदे करणारे स्वतः उतरू शकत नाहीत, ती कसोटी त्यांनी गावातल्या बायकांसाठी ठेवली आहे.

कुणी म्हणेल, चालू धंदा बंद करायचा तर अट कडक हवीच. दुकानदारानं रीतसर परवाना घेतला आहे, पैसे घातले आहेत, त्याचंही पोट आहे. मान्य. पण कडक अट शहाणपणानं ठेवता येते. स्कॉटलंडमध्ये १९१३ साली असाच कायदा झाला आणि १९२० पासून मतदान सुरू झालं. तिथे दुकानं बंद करायची तर झालेल्या मतांपैकी ५५ टक्के मतं लागत, आणि ती एकूण मतदारांच्या किमान ३५ टक्के असावी लागत. मूठभरांनी गुपचूप निर्णय घेऊ नये ही काळजीही त्यात होती आणि गैरहजर माणसाला विरोधक न मानण्याचा न्यायही. आपल्या गावातल्या ९५० जणी स्कॉटलंडच्या नियमानं आरामात जिंकल्या असत्या. शिवाय तिथे काही वर्षांनी पुन्हा मत मागता येत असे. बंद झालेलं उघडताही येई. बहुतेक ठिकाणी लोकांनी 'आहे तसं राहू द्या' असंच सांगितलं, पण सांगितलं त्यांनी.

जिल्हा बंद केला, उघडला; मतपेटी कुठेच नाही

हा प्रश्न नुसत्या गणिताचा नाही हे चंद्रपूरनं दाखवलं. २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला. जिल्ह्यातल्या ८४७ पैकी ५८८ ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूनं ठराव केले. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून चंद्रपूर 'कोरडा' झाला.

सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळानं ती बंदी उठवली. कारणं दिली गेली ती अशी : अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, तस्करीत बायका आणि मुलं ओढली गेली, महसूल बुडाला. ही कारणं पोकळ नव्हती. बंदी असलेल्या जिल्ह्याच्या सीमेवर दुकानांची रांग लागते आणि आत दुप्पट भावानं बाटली मिळते, हे विदर्भात कुणालाही विचारा. अवैध दारूचं विष काय करतं हे आपण २०१५ मध्ये मालवणीत पाहिलं. तिथे शंभराहून जास्त माणसं मेली, आणि मुंबईत तर बंदी नव्हती.

म्हणून माझा मुद्दा बंदी बरी की वाईट हा नाही. मुद्दा असा की पायी चालत गेलेल्या बायकांना बंदी उठवताना कुणी विचारलं नाही. ज्या ५८८ ग्रामपंचायतींचे ठराव बंदी आणताना कामाला आले, त्यांच्याकडे परत जाऊन 'सहा वर्षांचा अनुभव काय, आता काय वाटतं' हा प्रश्न मतपेटीतून विचारला असता, तर कदाचित अनेक गावांनी 'उठवा' असंही म्हटलं असतं. पण तो निर्णय त्यांचा झाला असता. एका गावातल्या एका दुकानासाठी २,०००च्या यादीत १,००१ बायका हव्यात, आणि अख्ख्या जिल्ह्यासाठी मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते. १८९०च्या 'वाजवी मान' या शब्दांचा अर्थ आजही हाच आहे.

मत दिलं, मग पुढे काय?

थेट मतदानाला डोक्यावर घेण्याआधी अमेरिकेतलं एक उदाहरण पाहायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये ओरेगन राज्यातल्या मतदारांनी 'मेझर ११०' नावाचा प्रस्ताव सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर केला. थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणं हा तुरुंगाचा गुन्हा राहिला नाही. १०० डॉलरचा दंड, तोही आरोग्य तपासणीसाठी फोन केला तर माफ. गांजावरच्या कराचा पैसा उपचारांकडे वळवायचा होता.

कल्पना चांगली होती. पण शिक्षा लगेच गेली आणि उपचारांची केंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत. पैसा उशिरा पोचला. त्यातच फेंटॅनिल नावाचं जहाल रसायन बाजारात पसरलं. रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, लोक वैतागले आणि २०२४ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून ते पुन्हा गुन्हा केलं. चार वर्षांपूर्वी बहुमतानं घेतलेला निर्णय फिरला.

ओरेगनच्या मतदारांनी नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकू नका असं सांगितलं होतं. आपल्या गावातल्या बायका दुकान बंद करा असं सांगतात. दोन्ही मागण्या वरवर उलट्या आहेत, पण दोन्हीकडे चूक एकच झाली. मत हा निर्णयाचा पहिला दिवस असतो. दुकानाला कुलूप लागलं तरी दहा वर्षं रोज पिणाऱ्या माणसाचे हात दुसऱ्या दिवशी सकाळी थरथरतातच. त्याला औषध लागतं, डॉक्टर लागतो, तालुक्याच्या दवाखान्यात खाट लागते. ते नसेल तर तो हातभट्टी शोधतो. गडचिरोलीत बंदीनंतर तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गाव संघटनाही आहेत आणि उपचारही. बंदीच्या हुकुमानं काम संपत नाही, हे ओळखायला तिथेही दोन दशकं गेली.

आता विचारायचे प्रश्न

सरकारचं दारूवर किती अवलंबून आहे हे लपलेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये एका सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला. विरोध झाल्यावर तो गुंडाळून ठेवला. जून २०२५ मध्ये दुसऱ्या सरकारनं मद्यावरचे कर वाढवले आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जास्त येतील अशी अपेक्षा धरली. मार्च २०२५ मध्ये घोषणा झाली की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं दारू दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगली गोष्ट आहे. फक्त एक फरक नोंदवून ठेवा. फ्लॅटवाल्यांची संमती दुकान उघडण्याआधी घेतली जाणार. गावातल्या बाईला मात्र दुकान आधी सोसावं लागतं, मग सह्या गोळा कराव्या लागतात आणि मग अर्ध्या यादीला घराबाहेर काढावं लागतं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. एक, परवाना देण्याआधी विचारा. दोन, मोजणी आलेल्या मतांची करा, वाटल्यास किमान मतांची एक वाजवी अट घाला, आणि यादी आधी नीट करा. तीन, जे मत देऊन बंद होतं ते मत देऊनच उघडू द्या, आणि जिल्ह्यालाही तोच नियम लावा. चार, ज्या गावात बाटली आडवी होईल तिथे त्याच महिन्यात उपचारांची सोय पोचवा. दारूच्या महसुलातला थोडा हिस्सा त्यासाठी पुरेल.

तुमच्यापैकी अनेकांचं नाव अजून गावच्या यादीत असेल. पुण्यात राहता, ठाण्यात नोकरी करता, आणि गावाकडे कधीतरी बाटलीचं मतदान लागतं. त्या दिवशी तुम्ही बाई असाल आणि गेला नाहीत, तर तुमचं मत आपोआप उभ्या बाटलीला पडलं असं समजा. नियम बदलेपर्यंत तरी ते तसंच मोजलं जाणार. म्हणून एक तर यादीतलं नाव जिथे राहता तिथे हलवा, किंवा त्या दिवशी एसटी पकडा.